घडीच्या सीटवरचा उतारू

मी एक जुनी सीट आहे. खुर्ची नव्हे, बाक नव्हे; सीट, आणि तीही घडीची. जोहान्सबर्गहून न्कुथूला जाणाऱ्या टॅक्सीत, सरकत्या दाराजवळ, मधल्या रांगेच्या टोकाला जी उघडमीट करणारी जागा असते ना, ती मी. आमच्याकडे टॅक्सी म्हणजे पंधरा उतारूंची गाडी. त्यातले चौदा जण त्यातल्या त्यात बरे बसतात आणि पंधराव्याच्या वाट्याला मी येते.

मित्रांनो, माझ्यावर बसायला कुणालाच आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. मागाहून कळून तुमचा हिरमोड नको. माझी पाठ आखूड आहे. फोम पातळ आहे. शिवाय मागच्या रांगेतल्या कुणाला उतरायचे झाले की माझ्यावर बसलेल्याला उठावे लागते, मला मिटावे लागते, खाली उतरून दार धरून उभे राहावे लागते, आणि तो बाबा उतरला की पुन्हा मला उघडून बसावे लागते. न्कुथूपर्यंतच्या पाच-सहा तासांच्या वाटेत हे किती वेळा करायचे? शेवटी येणारा माणूस गाडीत डोकावतो, मी एकटीच रिकामी दिसते, आणि त्याचे तोंड कडू होते. एवढ्या वर्षांत मी ते कडू तोंड हजारदा पाहिले.

माझा जन्म जर्मिस्टनमधल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. लोखंडी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, एक बिजागरी लावली, एक दणकट स्प्रिंग बसवली. जाड फोम मोठ्या सीटांना गेला आणि उरलेल्या तुकड्यांत माझी बोळवण झाली. राखाडी रेक्झिनचे माझे कव्हर एका पोक्त बाईने शिवले. शेवटची टीप घालून तिने दोरा दाताने तोडला, मला थोपटले आणि म्हणाली, "तुझ्यावर जो बसेल, त्याची मला आत्ताच कीव येते गं." माझ्याविषयी कुणी बोललेले ते पहिले वाक्य. त्यात माया होती, म्हणून मी मनाला लावून घेतले नाही.

आमच्या गाडीचा चालक बोंगुमुसा. सगळे त्याला मुसा म्हणत. देह अगडबंब, आवाज त्याहून मोठा, आणि मन मात्र लोण्याचे. दर रविवारी तो गाडी धुई आणि माझ्या बिजागरीत तेलाचे दोन थेंब सोडी. "ही कुरकुरली की अख्खी गाडी कुरकुरते," असे तो म्हणे. ते मी माझे कौतुकच समजत असे.

माझ्यावर कोण कोण बसले म्हणून सांगू? पेपरांचा गठ्ठा मांडीवर घेऊन वाटभर लाल पेन चालवणारी मास्तरीण बसली. लग्नघरी निघालेली, पायांशी तीन पातेली आणि डोक्यावर टोपी सांभाळणारी आत्या बसली. गरमागरम माग्विन्या खाणारे तर शेकड्याने बसले. माग्विन्या म्हणजे आमच्याकडचे तेलात तळलेले पिठाचे गोळे. त्यांच्या तेलाचे डाग अजून माझ्या अंगावर आहेत. एका गोष्टीचा तेवढा त्रास होई. लोक उठत आणि मला तशीच सोडून देत. मग स्प्रिंग मला खाडकन वर ओढी आणि माझे डोके शेजारच्या सीटवर आपटे. हळूच मिटायला असा काय वेळ लागतो? पण उतरणाऱ्याचे लक्ष पुढे असते, मागे काय राहिले तिकडे नसते.

आता त्या शुक्रवारबद्दल सांगते. माझ्या आयुष्यात सांगण्यासारखे तेवढेच आहे.

त्या दिवशी सकाळी गाडी भरत आली होती. दोनच जागा उरल्या होत्या, मी आणि माझ्या शेजारची. तेवढ्यात एक साठी उलटलेला म्हातारा आला. अंगात काळा कोट, हातात बोरीच्या जातीच्या झाडाची हिरवी फांदी. त्या झाडाचे काटे जोडीने असतात, एक सरळ आणि एक वाकडा. म्हाताऱ्याबरोबर पंचविशीची एक मुलगी होती. पुढे चालकाशेजारी तिची जागा धरलेली होती. तिने तीन माणसांचे पैसे दिले. मुसाने फांदीकडे पाहिले, डोक्यावरची टोपी काढली आणि काही विचारले नाही.

म्हातारा माझ्यापाशी येऊन थबकला. घडीची सीट पाहून त्याचे तोंडही कडू झाले. पण ते स्वतःसाठी नव्हते.

"काका, दुसरी जागाच नाही," मुलगी म्हणाली. "बाबांना चालेल. बाबा जन्मभर अशाच जागेवर बसून आले-गेले."

म्हातारा पक्क्या सीटवर बसला. फांदी त्याने माझ्यावर टेकवून उभी धरली. मग खिडकीबाहेर बघत, कुणाला तरी नाइलाजाने निरोप द्यावा तसा म्हणाला, "दादा, ही टॅक्सी. इथं बस. आपण घरी निघालोय."

मित्रांनो, आमच्याकडे माणूस घरापासून दूर गेला, तर त्याला तिथेच सोडत नाहीत. त्याने जिथे शेवटचा श्वास घेतला तिथे घरचे माणूस ही फांदी घेऊन जाते आणि त्याला नावाने हाक मारून म्हणते, चल, तुला न्यायला आलोय. मग तो फांदीबरोबर निघतो. फांदी धरणाऱ्याने वाटेत दुसऱ्या कुणाशी चकार शब्द बोलायचा नाही. बोलायचे ते फक्त त्याच्याशीच. गाडीत बसायचे, गाडीतून उतरायचे, नदी आली, वळण आले, सगळे त्याला सांगायचे. न सांगता पुढे गेलात, तर तो बसल्या जागी बसून राहतो.

तर एल्फास माझिबुको आपल्या थोरल्या भावाला, झेफानियाला, शहरातल्या दवाखान्यातून घरी नेत होता. देह आदल्या दिवशीच वेगळ्या गाडीने पुढे गेला होता. शनिवारी सकाळी माती व्हायची होती.

मागच्या रांगेत माखोझा नावाची एक बाई बसली होती. मांडीवर पुठ्ठ्याचे खोके, त्यात कोंबडीची पन्नास पिल्ले, आणि तोंडाचा पट्टा त्या पिल्लांपेक्षा जोरात चाललेला. गाडी शहराबाहेर पडते न पडते तोच तिने एल्फासच्या खांद्यावर बोट टोचले.

"अहो काका, ती सीट मोकळीच आहे. माझं खोकं ठेवते तिथं. माझ्या मांड्यांना मुंग्या आल्यात."

एल्फास बोलेना.

"बहिरे आहात का हो?"

पुढून ती मुलगी, थोलाकेले, मागे वळली. "मावशी, तिथं माझे बाबा बसलेत."

माखोझाने फांदी पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. "अगं बाई! माफ करा हं, दिसलात नाही." मग खोके पुन्हा मांडीवर ओढत ती माझ्या दिशेने म्हणाली, "कुठले तुम्ही?"

"माझिबुको," थोलाकेले म्हणाली.

"म्वेलासे!" माखोझाने लगेच कुळाच्या नावाने नमस्कार घातला. "बसा, म्वेलासे, आरामात बसा. पिल्लांच्या आवाजाचा त्रास नाही ना?"

गाडीत हसू फुटले. एल्फास मात्र हसला नाही.

पहिला थांबा पेट्रोल पंपावर झाला. मागच्या रांगेला उतरायचे होते, म्हणजे माझ्यावरच्या उतारूने उठायला हवे होते. एल्फासने घसा खाकरला. "दादा, ऊठ. लोकांना उतरू दे." मग त्याने मला मिटले आणि फांदी घेऊन उतरला. थांबा संपल्यावर मला उघडून म्हणाला, "बस." एवढेच. गावचा पोस्टमनसुद्धा याहून जास्त बोलतो.

तेवढ्यात मागच्या खिडकीबाहेर उभ्या असलेल्या थोलाकेलेने माखोझाच्या कानात सांगितले, पण माझ्या कानापासून ते फार दूर नव्हते. "दोघं अकरा वर्षं बोलत नव्हते, मावशी. आजोबांच्या मातीपासून. आजीनं काकालाच पाठवलं. म्हणाली, 'तूच जायचंस. दुसऱ्या कुणाबरोबर माझा झेफानिया यायचा नाही.'"

"आणि आता ह्या माणसाला बोलायला जगात तेवढा एकच?" माखोझा म्हणाली. "बरी खोड मोडली म्हातारीनं."

पुढची वाट अशीच गेली. "दादा, वळण." "दादा, नदी आली, पलीकडं जातोय." प्रत्येक वाक्य कापून दिल्यासारखे. बोलताना त्याची नजर खिडकीबाहेर. भावाच्या बाजूला, म्हणजे माझ्याकडे, त्याने एकदाही पाहिले नाही. धक्का बसला की फांदी हले आणि तिचा वाकडा काटा माझ्या रेक्झिनमध्ये अडके. तो ओरखडा अजून आहे.

फोक्सरस्ट गाव मागे पडले आणि घाट सुरू झाला. चढ संपता संपता पुढच्या सीटखालून पांढरी वाफ उसळली. मुसाने गाडी कशीबशी कडेला घेतली.

"पेटली! गाडी पेटली!" मागून कुणीतरी ओरडले.

पेटली वगैरे काही नव्हती. पाणी उकळले होते आणि एक पट्टा तुटला होता. पण ते कोण ऐकणार? सगळे एकदम दारावर कोसळले. कुणाच्या तरी ढोपराने मी मिटले गेले, खाडकन. पिशव्या, पिल्ले, पातेली, सगळे माझ्या अंगावरून गेले. एल्फासने फांदी डोक्यावर उंच धरली आणि गर्दीबरोबर तोही बाहेर पडला.

पाच मिनिटांत मागून एक टॅक्सी आली. तिच्यात तीनच उतारू होते. घाटात फोन लागत नव्हता. मुसाने त्या चालकाला विनवले, "माझी माणसं ने, आणि न्यूकॅसलला पोचलास की मिस्त्री धाड." सगळे तिच्यात दाटीवाटीने कोंबले गेले. दार लागले. गाडी घाट उतरून दिसेनाशी झाली.

मी आणि मुसा मागे राहिलो. मुसा शेवटच्या बाकावर आडवा झाला, टोपी तोंडावर घेतली. थोडा वेळ गेला. मग टोपीखालूनच तो पुटपुटला, "ऊठ म्हणाला का तो?"

तो उठून बसला. एकोणीस वर्षे गाडी चालवून त्याला एक सवय लागली होती. डोळे रस्त्यावर, पण कान गाडीत. सकाळपासूनची एल्फासची सगळी वाक्ये त्याने ऐकली होती. आता त्याने ती मनात एकेक करून मोजली असावीत, कारण त्याचा चेहरा हळूहळू बदलला. वाफ आली, लोक ओरडले, फांदी गेली. पण "दादा, ऊठ" कुणी म्हटलेच नव्हते.

मुसा माझ्यापाशी आला. मी मिटलेलीच होते. त्याने मला दोन्ही हातांनी धरले आणि इतक्या हळू उघडले की बिजागरीचासुद्धा आवाज झाला नाही. मग दोन पावले मागे सरून टोपी हातात घेतली.

"म्वेलासे, तुम्ही इथंच राहिलात की काय?"

घाटात वारा होता. दुसरे काही नव्हते.

"घाबरू नका," मुसा म्हणाला. "येतील ते. तुमचा भाऊ हट्टी आहे, पण विसराळू नाही." मग थोडे थांबून त्यालाच हसू आले. "म्हणजे, आज विसरला खरा."

त्याने दार उघडेच ठेवले, म्हणजे आतल्याला कोंडल्यासारखे वाटू नये. आपल्या डब्यातले महेऊ, मक्याचे आंबट पेय, एका कपात ओतून माझ्या पायाशी ठेवले. स्वतः उन्हात दगडावर बसला आणि दारातून आत बघत गप्पा मारू लागला. पाऊस यंदा बरा आहे म्हणाला. न्कुथूचा रस्ता पुन्हा खणून ठेवलाय म्हणाला. आपल्या मुलीला नर्सिंगला जागा मिळाल्याचे सांगितले. गप्प बसणे त्याला जमतच नव्हते, आणि त्या दिवशी ते फार उपयोगी पडले.

तुम्ही विचाराल, तुला वजन जाणवले का गं? मित्रांनो, मी खोटे बोलणार नाही. मला वजन जाणवले नाही. पण लोखंडाला आणि फोमला सगळेच कळते असे थोडेच आहे? माझे काम उघडे राहण्याचे होते. मी उघडी राहिले. मन मात्र धास्तावले होते. ते नाहीच आले तर? उद्या सकाळी तिकडे माती होईल, आई समजेल की मुलगा घरी आला, आणि तो इथे घाटात, बंद गाडीत, घडीच्या सीटवर बसलेला असेल.

दोन तासांनी घाट चढत तीच टॅक्सी परत आली. ती थांबायच्या आत एल्फास उतरला. फांदी छातीशी घट्ट धरलेली, कोटाचे एक बटण तुटलेले. तो धावतच आला आणि दारापाशी थांबला. मी उघडी होते. पायाशी कप होता. मुसा दगडावरून उठून बाजूला झाला.

"आहेत, आहेत," मुसा हळूच म्हणाला. "कुठं गेले नाहीत."

मागून माखोझा आली आणि तिने मुसाला दबक्या आवाजात, म्हणजे चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात, सगळे सांगितले. "न्गागानेचा पूल आला. यानं तोंड उघडलं, 'दादा, नदी' म्हणाला आणि तिथंच थांबला. शेजारी बघतोय, मागं बघतोय. मग छताला थापा मारायला लागला. बोलता तर येत नाही! तो चालक म्हणतो, 'लघवीला लागली असेल, पुढं थांबतो.' ह्या पोरीनं विचारलं, 'काका, बाबा कुठायत?' यानं फांदीनं मागं दाखवलं. मी म्हटलं, वळव रे गाडी! तो म्हणे, एवढं मागं? म्हटलं, तुझ्या बापाला असंच सोडशील? आणि माझ्या पिल्लांचं काय व्हायचं ते होईल."

सगळे उतारू रस्त्याच्या कडेला उभे होते. कुणी कुरकुरले नाही. थोलाकेले काकाच्या मागे उभी होती.

एल्फासने फांदी माझ्यावर टेकवली. रीत एवढीच होती की भावाला सांगायचे, ऊठ, दुसऱ्या गाडीत बसायचे आहे. पण ते तो बोलेना. टॅक्सीच्या पायरीवर तो खाली बसला, माझ्या अगदी पुढ्यात. आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने माझ्याकडे, म्हणजे भावाकडे, नीट पाहिले.

"दादा," तो म्हणाला, "मी तुला न सांगताच उतरलो. वाफ आली, सगळे पळाले, मीही पळालो. फांदी तेवढी घेतली आणि तुला विसरलो."

त्याने कोटाच्या बाहीने तोंड पुसले.

"बाबांच्या मातीला पण मी असंच केलं. तू निरोप धाडला होतास, गाडी बंद पडलीय, येतोय, थांबा. मी म्हटलं, ह्याचं हे नेहमीचंच. शहरात गेला, आता घरची माती पण ह्याच्या सवडीनं व्हायला पाहिजे. गावातले म्हातारे म्हणाले, ऊन चढतंय, एल्फास, काय करायचं ते तू सांग. 'थांबा' म्हणायला मला एक शब्द लागला असता. मी नाही म्हटला. तू दुपारी आलास. चालत आला होतास, बूट चिखलानं भरलेले. मला एवढंच म्हणालास, 'थांबला नाहीस?' आणि मी काय म्हटलं, आठवतंय ना तुला? 'तुझ्यासाठी माणसानं थांबायचं तरी किती?'"

रस्त्यावरून एक ट्रक गेला. एल्फासने घसरती फांदी पुन्हा सरळ टेकवली.

"तुझे बूट बघितले होते मी. तरी अकरा वर्षं मी मनाला सांगत राहिलो की तू खोटं बोललास." त्याने बंद पडलेल्या गाडीच्या पत्र्यावर तळहात ठेवला. "गाडी खरंच बंद पडते रे, दादा."

थोलाकेलेला रडू आवरले नाही. माखोझाने नाक शिंकरले आणि उगाचच पिल्लांच्या खोक्याला दटावले. मुसा टोपीचा गोंडा ओढत दुसरीकडे बघत होता. आणि मी? सीटला आसवे नसतात म्हणून बरे.

"चल," एल्फास म्हणाला. "आई वाट बघतेय. उद्या तुझी माती आहे. तू पोचल्याशिवाय कुणी फावडं उचलणार नाही. मी उचलू देणार नाही. अख्खं गाव उन्हात उभं राहिलं तरी चालेल. ऊठ, दादा. गाडी बदलायचीय. समोर निळी उभी आहे, ती. पायरी उंच आहे, सांभाळून."

मग तो थांबला. म्हाताऱ्या माणसाला उठून उभे राहायला लागतो तेवढा वेळ त्याने दिला. त्यानंतर त्याने मला दोन्ही हातांनी धरले आणि हळूच, अगदी हळूच मिटले. माझे डोके कुठेही आपटले नाही.

निळ्या टॅक्सीत माखोझाने आपली जागा सोडली. "इथं बसा, म्वेलासे. मी ह्या पोरीला खेटून बसते." खोक्यातली तीन पिल्ले मान टाकून पडली होती. ती तिने कुणाला दाखवली नाहीत. दारातून ती खोके ठीक करताना मला तेवढी दिसली.

गाडी घाट उतरायला लागली तेव्हा उघड्या खिडकीतून एल्फासचा आवाज येत होता. आता तो वळण आणि नदी एवढेच सांगत नव्हता. वासरू झाल्याचे सांगत होता, छपराचे गवत बदलल्याचे सांगत होता. अकरा वर्षांचे बोलणे साचले होते आणि वाट थोडीच उरली होती.

संध्याकाळी मिस्त्रीही आला. त्यानंतर मी आणखी सहा वर्षे त्या गाडीत राहिले. एक फरक मात्र पडला. प्रत्येक थांब्यानंतर मुसा गाडी सुरू करण्याआधी मागे वळे आणि विचारी, "सगळे आले का?" लोक हो म्हणत. तरी तो क्षणभर थांबून माझ्याकडे बघे आणि मगच गिअर टाकी. नवे उतारू त्याला हसत. जुने हसत नसत.

पुढे गाडी भंगारात निघाली. मोठ्या सीटा कुणीतरी उचलून नेल्या. मी दोन पावसाळे गवतात उलटी पडून होते. सांगाडा गंजला, रेक्झिन उसवले, आणि एका कोंबडीने माझ्या फोममध्ये अंडीही घातली. तक्रार करत नाही. तेवढेच कुणाच्या तरी उपयोगी पडले. शेवटी मुसाने मला शोधून काढले आणि न्कुथूच्या टॅक्सी थांब्यावर, पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला खिळवून टाकले. आता मी प्रवास करत नाही. प्रवासाला निघालेल्यांना थोडा वेळ टेकू देते.

एल्फास महिन्यातून एकदा पेन्शनसाठी गावात येतो. दुसरी बाके मोकळी असली तरी माझ्यावरच बसतो, संत्रे सोलतो, पुटपुटत राहतो. आता त्याला जगात कुणाशीही बोलायची मोकळीक आहे. संत्रे विकणाऱ्या बाया त्याची थट्टा करतात, "म्वेलासे, आज कुणाशी भांडण चाललंय?" तो म्हणतो, "भांडायचं होतं तेव्हा भांडलो. आता बोलतोय." टॅक्सी लागली की तो उठतो, मागे वळून "चल, दादा" म्हणतो आणि मला दोन्ही हातांनी मिटतो.

मित्रांनो, माझी स्प्रिंग आता सैल झाली आहे. मी आपणहून मिटत नाही. तुम्ही कधी माझ्यावर, किंवा माझ्यासारख्या एखाद्या अडगळीच्या जागेवर बसलात, तर उठताना तिला हळूच मिटा. लोखंडालाही लागते. आणि मिटण्याआधी मागे वळून एकदा "चल" म्हणा. कुणी बसलेले नसेल, तर तुमचा एक शब्द वाया जाईल. बसलेले असेल, तर ते घरी पोचेल.